रनिंग काहीच नाही

आमची सेडान सेकंडहँड घेतली तेव्हा आधीचे मालक बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले होते, "गाडी नुसती उभीच असायची हो, रनिंग काहीच नाही." मला वाटलं लॉटरीच लागली. तिला उभं राहायची सवय लागलीये हे नंतर कळलं.

टायर पण म्हणे नवेकोरे. नक्षी खरंच शाबूत होती, मी चार लोकांना वाकून वाकून दाखवली. मग एकदा पंक्चर काढणाऱ्याने टायरच्या कडेला चार आकड्यांवर बोट ठेवलं, 3511. मला वाटलं असेल काहीतरी मॉडेल नंबर. तो म्हणाला, "2011 सालचा 35 वा आठवडा, साहेब. रबर दगड झालंय." नीट बघितलं तर खोबणीत बारीक बारीक भेगा. कलप लावून बोहल्यावर चढलेला घोडनवराच की हा!

पण खरी मजा (मजा म्हणजे आता मजा, तेव्हा नाही) चढावर आली. भर उन्हाळा, सगळी फॅमिली आत, आणि टेंपरेचरचा काटा वर वर वर. गाडी बाजूला घेऊन मी लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो, फोनवर मेकॅनिक ओरडलाच, "हात लावू नका! प्रेशरने उकळतं पाणी तोंडावर येईल!" मग अर्धा तास थांबा, टाकीत कूलंट बघा, एसी बंद, आणि निघताना हीटर फुल. मला वाटलं उन्हाने त्याचंच डोकं तापलंय. पण बरोबर होतं ते, इंजिनातलं गरम पाणी हीटरमधूनही फिरतं, ब्लोअर लावला की ती उष्णता इंजिनातून निघते. आणि जाते कुठे? आमच्या अंगावर.

मागे आई. तिच्या बाजूची काच खाली जाते पण परत वर येत नाही, म्हणून तिला कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा. थोडा वेळ सोसलं बिचारीने. मग "कायदा गेला खड्ड्यात" म्हणून तिने बटण दाबलं ते दाबलंच, पुढचा आठवडाभर काचेच्या जागी प्लास्टिक आणि चिकटपट्टी.

निघालं काय तर थर्मोस्टॅट. मुठीत मावेल एवढी वस्तू, पाणी साधारण 82 ते 90 डिग्रीला तापलं की उघडायची आणि रेडिएटरकडे सोडायची, एवढंच काम. ते बंदच राहिलं होतं. तेही नुसतं उभंच, घराण्याची रीत.

बायको म्हणते विकून टाक. मीही दरवेळी हो म्हणतो. पण थर्मोस्टॅट नवा, टायर नवे, काचेची मोटर परवाच टाकली, आता कुठे गाडी रांगेला लागलीये, आत्ताच कोण विकतं? तसं क्लच जरा घसरतोय. तेवढा करून घेतो, मग बघू.