दंडाची पावती हाती पडल्यावर काय बोलावे

पावती आली की सर्वप्रथम एक पथ्य पाळावे, ते म्हणजे तिच्यावरचे छायाचित्र फार वेळ पाहू नये. त्यात तुमच्या गाडीचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो, कोपऱ्यात तारीख आणि वेळ असते, आणि खाली ‘मर्यादा ५०, वेग ६५’ हे दोन आकडे इतक्या निर्विकारपणे छापलेले असतात की त्यांच्याशी हुज्जत घालायला जागाच उरत नाही. आकड्यांशी भांडता येत नसेल तेव्हा तत्त्वाशी भांडावे, हा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. म्हणून पावतीची घडी करून ती खिशात ठेवावी, चार माणसे बसली असतील अशा ठिकाणी जावे, आणि वेगमर्यादेच्या सक्तीने रस्ते खरोखरच सुरक्षित होतात का, असा मूलभूत प्रश्न उपस्थित करावा. प्रश्न विचारताना आवाज असा असावा की हे कोडे तुम्हाला गेली कित्येक वर्षे छळत आहे आणि खिशातल्या कागदाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

पहिला मुद्दा स्वतःच्या कौशल्याचा मांडावा. वेगमर्यादा या सर्वसाधारण चालकांसाठी असतात आणि तुम्ही सर्वसाधारण नाही, हे एकदा ठसवले की पुढचे काम सोपे होते. या बाबतीत तुम्ही एकटे पडणार नाही. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सहभागींपैकी ९३ टक्के जणांनी आपले वाहनकौशल्य गटातल्या अगदी मधल्या चालकापेक्षा सरस असल्याचे सांगितले होते. स्वीडनच्या गटात हे प्रमाण ६९ टक्के भरले. तिकडची माणसे बहुधा भिडस्त असावीत. निम्म्याहून अधिक लोक मधल्या माणसाच्या वर असूच शकत नाहीत, असे कोणी म्हणाले, तर त्याला स्वतःला गाडी चालवता येते का, हे आधी विचारावे.

एवढ्यात बैठकीतला कोणीतरी कागद-पेन्सिल मागेल. हा माणूस धोकादायक असतो, कारण तो तुमच्याविषयी काहीच बोलत नाही, फक्त बेरीज-वजाबाकी करतो. तो म्हणेल की समजा, दोन गाड्या शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० किलोमीटरने आणि दुसरी तुमची, ६५ ने, आणि दोघींच्याही समोर अचानक एक मूल रस्त्यात आले. दोन्ही चालक तितकेच सावध आहेत आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोघांनाही एकच सेकंद लागतो. त्या एका सेकंदात पहिली गाडी सुमारे १४ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटरांच्या आत थांबते. तुमची गाडी त्याच सेकंदात १८ मीटर गेलेली असते, आणि थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तिला पुढे २३ मीटरांहून अधिक रस्ता हवा असतो. पहिली गाडी मुलापासून हातभर अंतरावर येऊन थांबली, नेमक्या त्याच ठिकाणी तुमच्या गाडीचा वेग किती उरला असेल, ते तो कागदावर काढून दाखवेल. उत्तर येते ५०. फरक फक्त पंधराचा होता आणि उरले पन्नास, हे कोणालाही चटकन पटत नाही, त्यामुळे सगळे जण कागद जवळ ओढून आकडेमोड पुन्हा करतील आणि पुन्हा ५० च येतील. अशा वेळी शांतपणे म्हणावे की पाहा, मर्यादा ५० चीच होती आणि मीही ५० वरच होतो, फक्त जागा जराशी चुकली.

या गणितात कौशल्याला कुठेही रकाना नाही, ही त्यातली खरी मानहानी आहे. तेव्हा विषय ताबडतोब जर्मनीकडे वळवावा. तिथल्या महामार्गांवर वेगाला मर्यादा नाही, हे वाक्य या वादात हुकमाच्या एक्क्यासारखे आहे आणि ते टाकून लगेच चहा मागवावा, म्हणजे पुढचे तपशील कोणी विचारणार नाही. त्या महामार्गांच्या बऱ्याच भागांवर मर्यादा आहेतच. जिथे नाहीत तिथे १९७८ पासून ताशी १३० किलोमीटर हा शिफारस केलेला वेग आहे. त्या रस्त्यांवर चौक नाहीत, सिग्नल नाहीत, सायकली नाहीत, पायी चालणारा माणूस नाही, आणि ज्या वाहनाला रचनेनुसार ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठता येत नाही त्याला प्रवेशच नाही. हे सगळे सांगत बसलात, तर तुमची पावती शाळेसमोरच्या रस्त्यावरची आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येईल.

इतिहासाचा दाखला द्यायचा असेल, तर जपून द्यावा, कारण तुमच्या मनातला प्रयोग एका देशाने आधीच करून पाहिला आहे. ब्रिटनमध्ये ताशी २० मैलांची मर्यादा कोणीच पाळत नव्हते, आणि न पाळला जाणारा कायदा कायद्याचीच अप्रतिष्ठा करतो, असा युक्तिवाद करून १९३० साली मोटारगाड्यांवरची वेगमर्यादा काढून टाकण्यात आली. युक्तिवाद आजही तोंडपाठ करण्याजोगा आहे. १९३४ साली तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे दगावली, आणि त्या वेळी देशात असलेल्या वाहनांची संख्या आजच्या मानाने किरकोळ होती. १९३५ च्या मार्चमध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा आली आणि त्या वर्षी मृत्यू घटले. इथे घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याच वर्षी नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली होती, तेव्हा सगळे श्रेय परीक्षेला देऊन मोकळे व्हावे. अमेरिकेचेही तसेच आहे. १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागू झाली आणि आदल्या वर्षीचे ५४ हजारांवरचे मृत्यू ४५ हजारांच्या आसपास आले; पण तेव्हा तेलाची टंचाई होती आणि लोक गाड्याच कमी काढत होते, असे तुम्ही म्हणू शकता, आणि त्यात बरेच तथ्यही आहे.

खरे तर या संपूर्ण वादात तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा असा एखाद्या संख्याशास्त्रज्ञाकडूनच मिळेल. कॅमेरे बहुधा जिथे नुकतेच लागोपाठ अपघात झाले अशा ठिकाणी बसवतात. अपघातांची संख्या योगायोगानेही वरखाली होत असल्याने वाईट वर्षानंतरचे वर्ष काही न करताही थोडे बरे जाते, आणि ती सगळी घट कॅमेऱ्याच्या नावे जमा होते. आक्षेप रास्त आहे. तो इतका रास्त आहे की या विषयाचे गंभीर अभ्यासक तो गृहीत धरूनच हिशेब करतात, ही त्यातली अडचण आहे. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रन संस्थेने २०१० साली केलेल्या आढाव्यात वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास तपासले गेले. त्यांचा दर्जा फार उच्च नसल्याची तक्रार आढावा घेणाऱ्यांनी स्वतःच केली आहे, आणि तेवढे वाक्य तुम्ही जरूर उद्धृत करावे. ज्या अभ्यासांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या अपघातांची मोजणी झाली, त्यांत कॅमेऱ्यांच्या परिसरात अशा अपघातांत ११ ते ४४ टक्के घट दिसली, हे लगेच पुढे येणारे वाक्य मात्र गिळून टाकावे. ११ आणि ४४ मध्ये केवढी तफावत आहे, म्हणजे यांना नक्की काहीच माहीत नाही, असेही म्हणता येते; फक्त त्या पल्ल्यात शून्य कुठे आहे, असे कोणी विचारू नये.

स्वीडनच्याच योरान निल्सन यांच्या सूत्राचा उल्लेख शक्यतो टाळावा. रस्त्यावरचा सरासरी वेग बदलला की प्राणघातक अपघात साधारण त्या बदलाच्या चौथ्या घातात बदलतात, असे ते सूत्र सांगते. सरासरी वेग ५ टक्के वाढला, तर असे अपघात सुमारे २० टक्क्यांनी वाढतात. या हिशेबात तुमचे ‘थोडेसेच जास्त’ कुठेच थोडेसे राहत नाही.

आता काही जण सुचवतील की आकडा नकोच, चालकाच्या विवेकावर सोडा. सूचना लोभस आहे. अमेरिकेतल्या माँटॅना राज्याने १९९५ च्या अखेरीपासून काही वर्षे दिवसा गाडी चालवणाऱ्यांना नेमका आकडा न देता वाजवी आणि समंजस वेगाने चालवा, एवढेच सांगितले होते. तिथे ताशी ८५ मैलांनी जाणाऱ्या एका समंजस चालकाला दंड झाला आणि वाजवी म्हणजे किती ते सांगा, असे म्हणत तो वरच्या न्यायालयात गेला. १९९८ मध्ये न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले, कारण कोणत्या वेगाला गुन्हा घडतो हे सामान्य चालकाला कळणारच नसेल, तर त्याला शिक्षा कशी करणार? पुढच्या वर्षी राज्याने पुन्हा आकड्यांच्या पाट्या लावल्या. विवेकाला मोकळीक मिळाली, तेव्हा विवेकानेच कोर्टात जाऊन आकडा मागितला.

सरकारला तिजोरी भरायची आहे, हा मुद्दा शेवटपर्यंत राखून ठेवावा, कारण त्यावर टाळ्या हमखास मिळतात. तो सर्वस्वी खोटाही नाही. उताराच्या पायथ्याशी, झाडाआड, मर्यादा एकाएकी वीसने उतरते तिथेच कॅमेरा ठेवणाऱ्याच्या हेतूविषयी मलाही शंका येते, आणि अशा कॅमेऱ्याने शहाण्या चालकांचाही कायद्यावरचा विश्वास उडतो. पण तुमच्या रस्त्यावर पाटी ठळक होती, सरळ समोर होती आणि रोजची होती, एवढे मनातल्या मनात लक्षात ठेवावे. या यंत्राचा जनक मॉरिस गॅटसोनिडिस हा रॅली शर्यतींतला नामांकित डच चालक होता आणि वळणावर आपण आणखी वेगाने कसे जाऊ शकू, हे पाहण्यासाठी त्याने ते बनवले होते, ही हकीकत सांगून थोडी हळहळही व्यक्त करावी. कॅमेऱ्यावर रंग फासण्याच्या थराला मात्र जाऊ नये. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये दुपदरी रस्त्यांवरची मर्यादा ९० वरून ८० केली, तेव्हा त्याच वर्षीच्या आंदोलनात देशातल्या निम्म्याहून अधिक कॅमेऱ्यांची नासधूस झाली. तुमच्यासारख्या सुसंस्कृत माणसाने कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक मारावा, तो मागे पडला की पुन्हा पाय दाबावा, आणि कॅमेऱ्यांमुळे लोक अचानक ब्रेक मारतात म्हणून अपघात होतात, असे पुढच्या बैठकीत सांगावे. दोन टोकांना कॅमेरे लावून मधल्या संपूर्ण अंतराचा सरासरी वेग काढणारी पद्धत आली आहे, तिच्यापुढे ही युक्ती चालत नाही. तेव्हा तिला अमानुष म्हणावे. समोरून येणाऱ्याला हेडलाइटची दोनदा उघडझाप करून पुढे पोलीस उभे असल्याची खूण करणे, हे माणुसकीचे फार सुंदर दर्शन आहे. ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही त्याच्यासाठी आपण एवढे करतो. पुढच्या वळणावर शाळा सुटली आहे, हे सांगायला कोणी दिवे उघडझाप केल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

सर्व मुद्दे संपले की रस्त्याच्या रचनेवर यावे. नाचता येईना अंगण वाकडे असे तुम्हाला कोणी म्हणेल, पण इथे अंगण खरोखरच वाकडे असते. धावपट्टीसारखा रुंद, सरळ रस्ता बांधायचा आणि कडेला ५० ची पाटी ठोकायची, ही फसवणूकच आहे. रस्ता चालकाला एक सांगतो आणि पाटी दुसरे. रस्ता अरुंद करा, वळण द्या, चौक उंचवा, पादचाऱ्यांसाठी मध्ये थांबायला जागा करा, म्हणजे पोलीस नसतानाही वेग आपोआप उतरेल, हे म्हणणे तज्ज्ञांनाही मान्य आहे, म्हणून ते ठणकावून मांडावे. मात्र तुमच्या रोजच्या वाटेवर खरोखरच रस्ता अरुंद करण्याचे काम निघाले, तर त्याला वाहतूक तुंबते म्हणून विरोध करावा, आणि गतिरोधक बसवला, तर पाठीचा कणा दुखतो म्हणून.

याला एकच अपवाद आहे, आणि तो तुमच्या घरासमोरचा रस्ता. तिथून लोक कसे बेभान जातात हे तुम्ही रोज गॅलरीतून पाहता, संध्याकाळी मुले बाहेर असतात तेव्हा तुमच्या छातीत धस्स होते, आणि हे असे किती दिवस चालणार, हा प्रश्न तुम्हाला खरोखरच छळतो. त्यासाठी अर्ज करावा. अर्जात दोन गतिरोधक, एक कॅमेरा आणि कडक दंडाची मागणी असावी, चालकांच्या विवेकावर विसंबता येत नसल्याचे स्पष्ट लिहावे, आणि कागद-पेन्सिलवाल्या त्या माणसाकडून थांबण्याच्या अंतराचे गणित मागून घेऊन सोबत जोडावे. एवढे पटणारे दुसरे काही सापडणार नाही. शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. अर्ज हातोहात देणे चांगले, आणि सह्या गोळा करण्यात उशीर होऊन कार्यालय बंद व्हायची वेळ जवळ आली असेल, तरी हरकत नाही. अंतर १० किलोमीटर धरले आणि सिग्नल हिरवे मिळाले, तर ५० ऐवजी ६५ ने गेल्यास पावणेतीन मिनिटे वाचतात.