डॉल्बी मोजायचा तर नीट मोजा

विसर्जन मिरवणूक संपली की आवाजाचे आकडे येतात आणि लगेच तुलना सुरू. सांगली किती, इचलकरंजी किती, बेळगाव किती, आपलं कोल्हापूर किती. मला या तुलनेचा राग येतो. मीटर डॉल्बीच्या स्पीकरांच्या भिंतीपासून किती फुटांवर धरला, किती मिनिटं धरला, हेच कळत नसेल तर कुठल्या गावाला शहाणं म्हणायचं आणि कुठल्या गावाला नाही?

आवाजाचा नियम केंद्राचा, 2000 सालचा. कोल्हापूरला तोच आणि कर्नाटकातल्या बेळगावलाही तोच. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. हे आकडे ठरावीक वेळेतल्या सरासरीचे आहेत, एखाद्या क्षणाचे नाहीत. रात्री बारापर्यंत स्पीकर लावायची मुभा वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. फरक राबवणाऱ्यांत आहे: पुणे-बेळगावात पोलीस आयुक्त, आपल्याकडे आणि सांगलीत अधीक्षक.

पण खरी गोम मोजमापात आहे. नियमातला डेसिबल ‘ए’ पद्धतीचा. आपल्या कानाला खर्जातला आवाज कमी ऐकू येतो, म्हणून मीटरही तो कमी धरतो, 50 हर्ट्झला तर सुमारे 30 डेसिबलनी कमी. आणि डॉल्बीचा सगळा दणका तिथेच असतो! मिरजकर तिकटीच्या एखाद्या जुन्या घरात मिरवणुकीच्या रात्री बसून बघा. तावदानं थडथडतात, फळीवरचे डबे सरकत कडेला येतात, म्हातारी माणसं छातीवर हात धरून बसतात. मीटरवर त्यातलं फार थोडं उमटतं. खर्ज न वगळणारी ‘सी’ पद्धतही आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायला काय हरकत आहे?

चोवीस तास आवाज मोजणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची यंत्रणा सात महानगरांत उभी राहिली. त्यात मुंबई आणि बेंगळुरूही आहेत. या दोन्हींना जोडणारा हायवे आपल्या दारावरून जातो, यंत्रं मात्र आपल्याकडे नाहीत.

सीपीआर रुग्णालयात जिल्हाभरातले पेशंट येतात आणि समोरच ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. निदान तिथे, बिंदू चौकात आणि महाद्वार रोडला कायमची यंत्रं बसवा. वर्षभराचे आकडे जागा, अंतर आणि वेळेसकट लोकांसमोर ठेवा. सांगली, इचलकरंजीनेही तसंच करावं, मग खुशाल तुलना करू.

गणपतीआधी शांतता समितीची बैठक होते, तिथे मी हे लेखी देणार आहे. तालीम-मंडळांतल्या पोरांनीही सह्या कराव्यात, कारण त्या भिंतीपुढे सगळ्यात जास्त वेळ तेच उभे असतात.