पगार सातला, ड्यू डेट पाचला

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचा पगार सात तारखेला होतो. माझ्या क्रेडिट कार्डची ड्यू डेट, म्हणजे बिल भरायची शेवटची तारीख, पाच. त्यामुळं ज्या महिन्यात हात आखडता असायचा त्या महिन्यात बिल सातलाच भरलं जायचं, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये दोन ओळी यायच्या. लेट पेमेंट फी ५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. उशीर आपणच केलाय म्हणून मी ते मुकाट्यानं भरत आलो.

तो दंड लावायचा बँकेला अधिकारच नव्हता, हे कळलं तेव्हा खरंच संताप आला.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांत लिहिलंय: ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले, तरच लेट फी लावता येते. आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना थकबाकी कळवायचीही तीच अट. म्हणजे पाचचं बिल आठपर्यंत भरलं तर लेट फी नाही. आणि दंड लावायचाच झाला तर तो न भरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. व्याजाला मात्र ही सवलत नाही. ते लागू शकतं, त्यामुळं तीन दिवस मिळालेत म्हणून मुद्दाम थांबू नका. दुसऱ्या ॲपवरून भरलेले पैसे कार्डावर जमा व्हायलाही कधी एक-दोन दिवस जातात.

मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, सिस्टीमनं लावलंय." मग मेल लिहिला. ड्यू डेट, पैसे भरल्याची तारीख, व्यवहार क्रमांक आणि हा नियम, एवढंच. चार ओळी. पुढच्या स्टेटमेंटला ५९० रुपये जमा होऊन आले. व्याजाचे थोडे रुपये राहिले, ते माझ्या उशिराचे होते, भरले.

आपल्या भागात हे पैसे का जातात ते मी रोज बघतो. बिल इंग्रजीत, कस्टमर केअरवर हिंदी नाहीतर कन्नड, आणि घरात आपण मराठी बोलणार. वडगावचा मागवाला विणकर असो की निपाणीचा दुकानदार, फोनवर अडखळण्यापेक्षा पाचशे गेलेले परवडले म्हणतो. अहो, बोलूच नका. लिहा. मोडक्या इंग्रजीत लिहिलेली तक्रारही तक्रारच असते. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार करता येते. तिथं फी लागत नाही.

"मिनिमम ड्यू (बिलावरची किमान रक्कम) भरलं की झालं" हेही डोक्यातून काढा. त्यानं लेट फी टळते, व्याज टळत नाही. महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर वर्षाला ४२. सावकारसुद्धा लाजंल.

आणि मूळ दुखणं तारखेचं असेल तर तारीखच बदला. बिलिंग सायकल, म्हणजे बिलाचं महिन्याचं चक्र, निदान एकदा तरी बदलून देणं बँकेला बंधनकारक आहे. खानापूरहून रोज येणारा आमच्या वर्कशॉपमधला एक पोरगा मागच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसला, डबा बाजूला सारून मोबाईलवरनंच अर्ज केला. त्याची ड्यू डेट आता १४ झाली आहे. तुमच्यापैकी कुणाला मेलचा मजकूर हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, मी मराठीत समजावून इंग्रजीत लिहून देतो.