चला, चहा घेऊ

माझ्याच घरातून मला आजवर अकरा वेळा बाहेर काढण्यात आलेलं आहे. त्यातल्या दोन वेळा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होते आणि एकदा माझ्या हातात पिठाचं लाटणं होतं. बाहेर काढणारे माझे सख्खे वडील. आणि काढण्याची पद्धत इतकी अदबशीर, की दार लागेपर्यंत आपल्याला हाकललंय हे कळायचंच नाही.

गोष्ट २०२० सालची. आई-अण्णा जानेवारीत सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले. मार्चमध्ये विमानं बंद झाली. माझ्या लेकीची, इराची, शाळा घरात आली, नवऱ्याचं, निखिलचं, ऑफिस घरात आलं, माझंही आलं. देऊळ बंद, लायब्ररी बंद, मॉलमध्ये जाऊन काहीही न घेता परत येण्याचा अण्णांचा आवडता कार्यक्रमही बंद. उरला टीव्ही. अण्णांचं इंग्रजी म्हणजे समन्स, वॉरंट, अफिडेव्हिट आणि ॲडजर्न. एवढ्या भांडवलावर माणूस अमेरिकेत बातम्यासुद्धा बघू शकत नाही. पण एका दुपारी चारच्या सुमाराला चॅनेल बदलता बदलता ते थांबले आणि हॉलमधून अशी आरोळी आली की मला वाटलं कुणी पडलं.

"अगं हिकडं ये लवकर! टीव्हीवर बेलीफ हाय!"

इथे थोडं सांगायला हवं. अण्णा माणदेशातल्या एका तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलीफ होते. आधी सायकलवर, मग लूनावर समन्स बजावत फिरायचे. नवरा माळ्यावर लपलेला असताना "ते मुंबईला गेल्यात" असं तोंडावर सांगणाऱ्या बाया, कुणी नाहीच म्हटल्यावर पंच गोळा करून दाराला डकवलेलं समन्स, जप्तीला पोचायच्या आत शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलेली म्हैस, हा त्यांचा दिनक्रम. सिनेमात त्यांनी न्यायाधीश पाहिले, टेबलावर मुठी आपटणारे वकील पाहिले, पुकारा करणारा पट्टेवालाही पाहिला. बेलीफ कधीच कुणी दाखवला नाही. आणि इथे अख्ख्या अमेरिकेच्या देखत एक उंचापुरा, टक्कल केलेला, गणवेशातला माणूस हाताची घडी घालून उभा होता आणि त्याला चक्क 'बेलीफ' म्हणत होते. अण्णांनी सोफ्यावरचे पाय खाली घेतले.

कार्यक्रम होता 'जज ज्युडी'. १९९६ पासून चाललेला. मध्ये उंच खुर्चीवर काळा झगा आणि गळ्याला लेसची कॉलर लावलेल्या बाई, ज्युडिथ शाइंडलिन, ज्या पूर्वी मॅनहॅटनच्या कौटुंबिक न्यायालयात खरोखर न्यायाधीश होत्या. समोर दोन माणसं. भांडणाचे विषय आपल्याकडच्या चाळीत शोभतील असे: भाड्याचं डिपॉझिट, उसने पैसे, शेजाऱ्याचा कुत्रा चावला, बहिणीने गाडी ठोकली. आणि कोण मध्ये बोललं, हसलं, डोळे फिरवले, मागच्या बाकावरून साक्षीदाराने मान हलवली, की बाईंचा हुकूम सुटायचा आणि पेट्री हॉकिन्स-बर्ड, म्हणजे आमच्या घरातले 'बर्डसाहेब', त्या इसमाला दाराबाहेर नेऊन सोडायचे.

अण्णांना बाईंमध्ये फारसा रस नव्हता. "साहेब लोक सगळीकडं ओरडत्यात," एवढ्यावर त्यांनी त्यांना निकालात काढलं. त्यांची नजर बर्डवर. तो कधी हलतो, कुठला पाय आधी टाकतो, दार किती उघडतो. क्रिकेटवाले लोक फलंदाजाचं पाऊल बघतात तसं.

"बघ, हात लावला नाय," ते मला समजावायचे. "हात लावला की माणूस पेटतंय. नुसतं बाजूला जाऊन हुबं ऱ्हायचं आन् दाराकडं बघायचं. त्याच्याकडं नाय, दाराकडं. आपोआप निघतंय."

"तुम्हीही काढायचात का कोर्टातून?"

"ते काम पट्टेवाल्याचं. पण आमचा पट्टेवाला वर्षातलं चार महिनं रजेवर."

मग एकेक किस्से निघाले. साक्ष चालू असताना एका वादीच्या खिशातला मोबाइल ढोलकीसकट वाजायला लागला. साहेब लाल झाले, "बाहेर काढा याला!" म्हणाले. वादी सहा फुटी, मागे चुलते-पुतणे मिळून अकरा जण. अण्णा त्याच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "पाव्हणं, चला, चहा घेऊ." गडी निमूट उठला. कोर्टासमोरच्या टपरीवर अर्धा कप पाजून, मोबाइल बंद करून घेऊन, अण्णांनी त्याला पुढच्या पुकाऱ्याला परत आणून उभा केला. एकतीस वर्षांत त्यांनी कुणालाही बाहेर काढलं नाही, असं त्यांचं म्हणणं. चहाला नेलं. टपरीवाल्याची उधारी मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत फिटत होती आणि त्याबद्दल आईचं मत वेगळं आहे.

संवाद समजावून सांगायला दुभाषी म्हणून इरा बसायची. ती नऊ वर्षांची, तिचं मराठी स्वयंपाकघर आणि दटावणी एवढ्या दोनच खात्यांचं. त्यामुळे अमेरिकेतले सगळे दावे अण्णांपर्यंत "ती म्हणते गप बस, नाहीतर फटका" याच स्वरूपात पोचले. अर्थाचा फार विपर्यास झाला असं मला वाटत नाही. एकदा पाकीटचोरीचा तो प्रसिद्ध खटला लागला. फिर्यादी बाई पाकिटात काय काय होतं ते सांगत होत्या, पैसे, गिफ्ट कार्डं, कानाला लावायचं यंत्र. तेवढ्यात आरोप असलेला पोरगा म्हणाला, त्यात कानाचं यंत्र नव्हतंच! अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल. इराने भाषांतर करायच्या आधीच अण्णा सोफ्यावरून घसरून हसत होते. "पंचनामाच दिला की रं पोरानं!"

पण जितकं कळत गेलं तितके ते अस्वस्थ होत गेले. मी त्यांना सांगून बसले की हे खरं कोर्ट नाही. दोन्ही पक्षकार आधी सही करून देतात की लवाद म्हणून बाईंचा निर्णय मान्य. मागे बसलेले प्रेक्षक पैसे देऊन आणलेले. मध्ये मध्ये दाखवतात न्यू यॉर्क, पण सेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतला. पक्षकारांना विमानाचं तिकीट आणि हॉटेलही कार्यक्रमाकडून. आणि निकालाची रक्कम जास्तीत जास्त ५,००० डॉलर, तीही हरलेला भरत नाही, कार्यक्रम भरतो.

अण्णांनी चष्मा काढला.

"म्हंजे वसुलीची दरखास्त नाय?"

"नाही."

"जप्ती?"

"नाही."

"समन्स बजावायला कोण जातं?"

"कुणी नाही अण्णा. लोक हौसेनं येतात."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ज्याने डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, हातात असलेली माणसं वसुलीपायी म्हातारी होताना पाहिली, त्याला हे पचायला जड. शेवटी म्हणाले, "मग बेलीफ कशाला ठेवलाय?"

"बाहेर काढायला."

"नुसतं बाहेर काढायला?"

पगाराचा विषय मी काढायला नको होता. बाईंना वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर मिळतात आणि चित्रीकरण वर्षातले साधारण ५२ दिवस, हे ऐकल्यावर त्यांनी जुन्या पाकिटाच्या मागे गुणाकार-भागाकार केला, दिवसाला नऊ लाख डॉलर असा आकडा काढला आणि दोनदा तपासला. मग त्यांनी विचारलं, "आन् बेलीफाला फिरती भत्ता?" फिरतीच नाही तर भत्ता कसला, हे त्यांना पटलं, पण त्या दिवशी जेवताना ते वरणभाताशीही बोलले नाहीत.

याच सुमारास आमच्या घरातली शिस्त ढासळली, म्हणजे वाढली. चार ते पाच टीव्हीसमोर कुणी बोलायचं नाही. माझं टेबल त्याच हॉलच्या कोपऱ्यात. नेमकी चार वाजता कॅलिफोर्नियाच्या टीमशी माझी मीटिंग. मी आवाज चढवून काही तरी म्हणत होते की हे असं चालणार नाही, तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूला अण्णा येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. मागच्या डेककडे उघडणाऱ्या सरकत्या दाराकडे बघत होते. आणि मी, पंचेचाळीस वर्षांची, सात माणसांच्या टीमची प्रमुख, लॅपटॉप उचलून उठले! का उठले ते मला आजही सांगता येत नाही. एप्रिलचा गारठा, पायात मोजे, समोर पळणाऱ्या खारी. पडद्यावरच्या एकाने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी सांगितलं, ताज्या हवेत आलेय. पाच मिनिटांनी दार सरकलं, आल्याचा चहा बाहेर आला, दार परत लागलं.

मग कोर्ट संध्याकाळीही भरू लागलं. इरा न्यायाधीश. काळा झगा म्हणून निखिलचा बाथरोब, गळ्याला आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, हातोडा म्हणून माझं लाटणं. (खऱ्या पुराव्याचा भाग म्हणून ते एकदा माझ्या हातातच राहिलं होतं, ते वर आलंच.) दावे असे: आईविरुद्ध निखिल, विषय भांडी. ज्युडीबाईंना उत्तरादाखल "अं" म्हटलेलं चालत नाही हे इराने उचललं होतं आणि माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "अं" ने होते. कोणी घासायची? "अं..." बाहेर! चार दिवस निखिलने भांडी घासली नाहीत ती नाहीतच, शिवाय डेकवर बसून रोज चहा मिळवला. पुढे पुढे तो जाणूनबुजून "अं" म्हणतो असा मला दाट संशय आला. तसा तक्रार अर्ज मी दाखल केला. मध्ये बोलले म्हणून मलाच काढलं.

आई मात्र एकदाही निघाली नाही. अण्णा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, दाराकडे बघायला लागले. आई म्हणाली, "दार लावा, डास येतायत." लावलं.

ऑगस्टमध्ये वंदे भारत मोहिमेच्या विमानाने दोघं परत गेले. विमानतळावर अण्णांना घाई नव्हती; बर्डचं पुढे काय होतं ते कळवत जा, एवढं दोनदा बजावलं. समन्सासारखंच. घर शांत झालं. चार वाजता मी आपल्या कोपऱ्यात हवं तेवढं ओरडून बोलायचे आणि दाराकडे बघायचे.

२०२१ मध्ये पंचवीस वर्षं पुरी करून कार्यक्रम संपला. बाईंनी लगेच नवा काढला, 'ज्युडी जस्टिस'. त्यात बेलीफ दुसराच! बर्डने मुलाखतीत सांगितलं की त्याला विचारलंच नव्हतं. हे फोनवर कसं सांगावं याची मी दोन दिवस तयारी केली. मुळात त्याला हे काम मिळालं तेच मजेशीर होतं. तो न्यू यॉर्कच्या कोर्टात त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस. बाईंना टीव्हीवर कार्यक्रम मिळतोय हे कळल्यावर त्याने अभिनंदनाचं पत्र लिहिलं आणि कधी बेलीफ लागला तर मी गणवेशात अजून बरा दिसतो, असं त्यात घातलं. हा किस्सा अण्णांना तोंडपाठ होता.

"पंचवीस वर्सं," अण्णा म्हणाले. "साधा निरोप समारंभ?"

"माहीत नाही अण्णा."

"नारळ तरी?"

त्यानंतर महिनाभर ते ज्युडीबाईंचं नाव काढायचे नाहीत. "त्या बाई" म्हणायचे.

२०२३ च्या उन्हाळ्यात मला बातमी दिसली आणि मी इकडच्या सकाळी, तिकडच्या संध्याकाळी, फोन लावला. बाईंनी आणखी एक कार्यक्रम आणलाय, 'ट्रिब्युनल जस्टिस', आणि त्यात बेलीफ म्हणून बर्डच आहे.

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. "घेतला का परत?"

"घेतला."

"मला ठावं हुतं. आन् साहेब कोण? त्या बाईच?"

"नाही, या वेळी तीन न्यायाधीश आहेत. एक तर त्यांचा मुलगाच."

अण्णा गप्प झाले. मला वाटलं फोन कटला.

"तीन साहेब आन् बेलीफ एकच?" ते म्हणाले. "चहाची उधारी लई हुणार त्याची."