गोधडी टाकली म्हणून खोगीर बसत नाही

‘टांग्याचं घोडं सवारीला लावा, पैसे वाचवा’ असा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. काल पुतण्यानं तो मलाच पाठवला, वर ‘काका, हे बरोबर ना?’ त्यानं नुकतंच एक उतरत्या वयाचं टांग्याचं घोडं घेतलंय, तेव्हा गप्प बसून चालणार नाही. मेसेजमधलं एकेक वाक्य घेतो.

‘खोगीर कुठलंही चालतं, खाली जाड गोधडी टाकली की झालं.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. भरदार, सपाट पाठीच्या घोड्याला अरुंद खोगीर खांद्यामागं दोन्हीकडून चिमटा काढतं. त्याखाली गोधडी घातली की ते आणखी आवळतं. चप्पल लागते म्हणून आत जाड मोजा घालावा तसं. वाळलेल्या घोड्याचं उलट. रुंद खोगीर पुढून खाली बसतं आणि मान संपते तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर टेकतं. तिथं कातडीखाली मांस नसल्यातच जमा. जखम हाडापर्यंत गेली की महिनोन्महिने भरत नाही. ओढकाम करणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 चे क्रूरता प्रतिबंधक नियम आहेत. त्यातला नववा नियम नेमका यावरच आहे: खोगिराची पुढची कमान आणि हा उंचवटा यांत पुरेशी मोकळीक नसेल, तर घोड्यावर खोगीर कसायचं नाही.

ताडून बघायला पैसे लागत नाहीत. गोधडी न घालता नुसतं खोगीर ठेवा. ते खांद्याच्या फऱ्यावर चढू नये, मागं शेवटच्या बरगडीपलीकडं जाऊ नये. माणूस वर बसल्यावर कमानीखाली दोन-तीन बोटं गेली पाहिजेत, आणि मधल्या खाचेतून कण्यावर मागपर्यंत उजेड दिसला पाहिजे. मग वीस मिनिटं फिरवून खोगीर उतरवा. सगळीकडं घाम आणि मध्येच एक कोरडा डाग असेल, तर तिथं एकतर खोगीर रुततंय किंवा टेकतच नाही. बोटानं दाबल्यावर घोड्यानं पाठ खाली घेतली, तर रुततंय. सूज काही तासांनीही येते, म्हणून संध्याकाळी परत हात फिरवा. जुन्या खोगिरातला भरणा घामानं गोळा होऊन दगडासारखा होतो, तो उसवून नव्यानं भरून घ्यावा लागतो.

‘गाडी ओढतंय म्हणजे कुणालाही पेलेल.’ अहो, गाडीचं वजन चाकांवर असतं! कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे अंदाजे किलो. घेर 150, लांबी 140 असेल तर 265 किलो. त्याचा पाचवा हिस्सा 53. त्यातून सामानाचे आठ किलो वजा केले की स्वाराला उरतात 45. वरातीतला नवरदेव यात कुठं बसतो ते बघा.

‘तोंड मेलेलं, म्हणजे लगामाला बधिर झालेलं असतं, काटेरी लगाम लावा.’ याच नियमांतल्या आठव्या नियमानं काटेरी लगामाला सरळ बंदी आहे. गुळगुळीत दांड्याचा, तोंडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर मोकळा राहील असा लगाम घ्या. त्यालाही ऐकत नसेल तर आधी दात तपासून घ्या.

मेसेजमधली बाकी सगळी खोगीरभरती. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, करकचून नव्हे, टप्प्याटप्प्यानं ओढायचा. खाली दोन बोटं जावीत, आणि पाच मिनिटं चालवून पुन्हा बघायचा. जखमेवर जळकं ऑइल अजिबात नको. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून धुवा, धनुर्वाताची लस झालीय का ते डॉक्टरांना विचारा, आणि जखम भरेपर्यंत खोगीर खुंटीला.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: टांग्याचं घोडं हॉर्नला, केएमटीच्या (शहर वाहतुकीच्या) बसला बुजत नाही. पण ते झापडं लावून. झापडं काढली की मागचं सगळं त्याला पहिल्यांदाच दिसतं, वर पाठीवर माणूस हलतोय, आणि टाचेची खूण तर त्याला कुणी शिकवलेलीच नाही. म्हणून आधी बंदिस्त मैदानात, झापडं काढून, एकानं मोहरकी (तोंडावरची दोरी) धरून रिकामं खोगीर घालून चालवा. नंतर हलका स्वार. रंकाळ्याचा रस्ता त्यानंतर.