आधी आपला सातबारा बघा

आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय, समान नागरी कायदा. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून लागू केला, मग महाराष्ट्रात का नाही? परवा जळगावच्या चुलतभावाने लिहिलं, ‘एका देशात दोन कायदे चालतात का कुठे?’ मी एवढंच लिहिलं की चालतात, मी एकवीस वर्षं अशाच देशात राहतोय. लगेच उत्तर आलं, ‘तू तठे बशीसन आमले काय शिकाडस?’

ते मला लागलं.

सिंगापूरमध्ये १९६१ च्या विमेन्स चार्टरने चिनी, हिंदू, शीख, ख्रिश्चन सगळ्यांना एकच विवाह कायदा लावला. मुस्लिमांची लग्नं आणि तलाक यांचा कायदा वेगळा, शरियत कोर्ट वेगळं. आमच्या ब्लॉकखाली व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, एका शनिवारी मलय लग्न असतं, पुढच्या आठवड्यात तिथेच चिनी मयताचा मांडव पडतो. कुणाचं कुणावाचून अडत नाही. तिथे सरकारचा वचक आहे, असं भाऊ म्हणेल. असेल. पण दोन कायद्यांनी देश फुटला नाही, हे मी रोज बघतो.

आणि खान्देशात तरी सगळ्यांना एक कायदा कुठे आहे? धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल-पावरांच्या लग्नात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, देतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाहीत. उत्तराखंडनेसुद्धा त्यांना वगळलंच. आणि आमच्या या चुलतभावाचं एचयूएफचं वेगळं पॅन कार्ड आहे. हिंदू एकत्र कुटुंब म्हणून तो वेगळं रिटर्न भरतो, कर वाचवतो. त्याच्या दुकानाला लागून ज्या मुस्लीम बागवानाचं दुकान आहे, त्याला ही सोय नाही. एक देश एक कायदा म्हणताना ती सोडायची तयारी आहे का, तेवढं त्याने ग्रुपवर लिहावं.

मी सुधारणेच्या विरोधात नाही. शाहबानोला सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये पोटगी दिली आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या निकालातली हवा काढून घेतली, तो अन्यायच होता. तोंडी तलाकविरुद्ध हमीद दलवाई १९६६ मध्ये सात मुस्लीम बायकांचा मोर्चा घेऊन मुंबईत रस्त्यावर उतरले, ते माझ्या दृष्टीने फार मोठं काम. पण ते घरातलं माणूस घरातल्यांना सांगत होतं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. ते रखडवणारे परके नव्हते.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, देशाने २००५ मध्ये. आमच्या भावकीत सातबाऱ्यावर एकाही बहिणीचं नाव नाही. सगळ्यांनी बहिणींकडून हक्कसोड करून घेतलेत.

मीसुद्धा.

आप्पा, माझे वडील, २०१६ मध्ये गेले. गंधमुक्ती झाली, माझी रजा संपत आली होती, म्हणून तिसऱ्या दिवशी बहिणीला, आक्काला, घेऊन हक्कसोडीसाठी तालुक्याला गेलो. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. कापूस वेचून वेचून बोटांवरच्या रेघा गेलेल्या. समोरचा माणूस म्हणाला, पदराने पुसा आणि परत दाबा. तिने पुसला, दाबला. परत पुसला. चौथ्या वेळी घेतला यंत्राने. मी शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो, संध्याकाळी मुंबईची गाडी होती. बाहेर आल्यावर तिने मला रस पाजला आणि पैसे तिनेच दिले.

त्या सातबाऱ्याचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. इथे सिंगापूरमध्ये मी पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, पोरगा पुढच्या वर्षी एनएसला, सक्तीच्या लष्करी सेवेला, जाईल, त्याला अहिराणीचा एक शब्द येत नाही. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसलो की कधी कधी तो उतारा उघडतो आणि आपलं नाव वाचतो. मी तिकडचा आहे याचा माझ्याकडे दुसरा कागद नाही. तो कागद आक्काच्या अंगठ्यावर उभा आहे, आणि ग्रुपवर भावाला सुनावताना हे मी लिहिलं नाही.

मागच्या रविवारी आक्काला फोन केला. म्हटलं, तुझा वाटा तुझ्या नावावर करून देतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘माले वावर नको, माहेर जोयजे.’ वाटा घेतला की माहेर तुटतं, हे तिने गावात बघितलंय. तिला वाटलं, मी हिशेब मिटवायला निघालोय.

बक्षीसपत्राचा मसुदा तालुक्याच्या वकिलांकडे करायला दिलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येईल, तेव्हा मीही असेन. तिला परत अंगठा द्यावा लागेल, या वेळी घेण्यासाठी. ती देईल का, मला सांगता येत नाही.