गोळ्या वाढवण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहा

लेख चांगला आहे, पण ‘गरोदरपणात हिमोग्लोबिन वाढत नसेल तर लोहाचा डोस वाढवा’ एवढ्यावर थांबायला नको होतं. थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी ठेवणाऱ्या सौम्य आनुवंशिक दोषाचा, उल्लेखच नाही, आणि नेमक्या तिथेच बायकांचे हाल होतात.

माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६२ आणि तांबड्या पेशी मात्र ५२ लाख. नियमित गोळ्या घेऊनही आकडा हलेना, आणि घरचे तिलाच बोलत, ‘गोळ्या चुकवतेस, पालेभाजी टाकतेस.’ बिचारी रडकुंडीला आली होती. पेशी भरपूर पण आकाराने बारीक, हे एका डॉक्टरांनी हेरलं आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण मोजणारी रक्ततपासणी) करायला सांगितलं. ते ५.४ टक्के आलं, साधारण ३.५ च्या वर गेलं की मायनर समजतात.

आता मायनर आहे म्हणून लोह सरसकट बंद, हेही चूक. फेरिटिन कमी असेल तर मायनर असलेल्या बाईलाही लोह लागतंच. फेरिटिन चांगलं असेल तर जास्तीच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही, फक्त पोट बिघडतं. फॉलिक ॲसिड मात्र चालूच ठेवायचं.

आणि नवऱ्याची तपासणी! दोघंही मायनर असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होण्याची शक्यता २५ टक्के. सिंधी, कच्छी, लोहाणा समाजांत प्रमाण जास्त असलं तरी बाकीच्यांनी निर्धास्त राहू नये. वारेचा नमुना घेऊन पोटातल्या बाळाचं निदान अकराव्या-बाराव्या आठवड्यात होऊ शकतं, म्हणून नवरा-बायकोची मायनरची तपासणी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. लेखात तेवढं कृपया घाला.